सरांची बादली आणि दोन विशेषणं

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे इंग्रजीचे निवृत्त सर हे या शहरातले एकमेव गृहस्थ असावेत, ज्यांना दुष्काळापेक्षा चुकीच्या विशेषणाचा जास्त त्रास व्हायचा. दूधवाला असो, वाळूजच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेला कामगार असो, जो सापडेल त्याला ते दोन जवळच्या इंग्रजी शब्दांतला फरक सांगत. नुसतं सांगून त्यांचं भागत नसे, उदाहरण डोळ्यांसमोर लागे. एकदा माझे यजमान भर उन्हात बोडक्यानं निघाले, तर सर म्हणाले, "सेन्सिबल माणूस टोपी घालतो. सेन्सिटिव्ह माणसाला टोपी घाल म्हटल्याचं वाईट वाटतं." यजमानांना खरंच वाईट वाटलं. सर खूश! "बघा, हे दुसरं!"

एका वर्षी आमची बोअर आटली. नळ आठव्या दिवशी यायचा, आणि शेंद्र्याच्या दिशेनं रोज एक नवी वसाहत उगवत असल्यानं टँकर तिकडंच पळायचे. वॉर्ड ऑफिसची टँकरची यादी शनिवारी दुपारी बंद होणार होती. तिथले साहेब परप्रांतातले, म्हणून मी अर्ज इंग्रजीत लिहिला आणि चूक केली ती ही, की सह्यांसाठी तो आधी सरांकडे नेला. मी टंचाईला 'कंटिन्युअस' म्हटलं होतं. सरांनी सगळ्यांना जिन्यात बोलावलं, घरातली भरलेली बादली आणली आणि कुंडीत धार धरली. "ही तुटली नाही. हे कंटिन्युअस." मग तांब्यानं थांबून थांबून ओतलं. "हे पुन्हा पुन्हा होतं, पण मधे तुटतं. हे कंटिन्युअल. आठव्या दिवशी नळ येतो, म्हणजे आपली टंचाई तुटते!"

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी किंचाळल्या, "लई समजलं सर, पण बादली ठेवा खाली!"

अर्ज स्वच्छ अक्षरात लिहून देतो म्हणून सरांनी ठेवून घेतला. शनिवारी अकरा वाजता मी खाली गेले, तर तिसरी प्रत चालू होती, कारण दुसरीत समास कमी पडला होता. मी कागद ओढला, सरांना स्कूटीवर मागं बसवलं आणि ऑफिस गाठलं. कारकून म्हणाला, "यादी फुल झाली, मॅडम." मी हुज्जत घालणार, तेवढ्यात सरांनी त्याच्या टेबलावरचा पाण्याचा जग उचलला आणि त्याच्या फायलींवर नजर फिरवत म्हणाले, "आता ही धार बघा."

"अहो सर, बस करो!" कारकुनानं जग धरला, शिक्का मारला. "मॅडम, उद्या सकाळी टँकर येतो. यांना फक्त घरी न्या."

टँकर आला. अख्खी इमारत ड्रम घेऊन तुटून पडली. टँकर ज्यांच्यामुळं आला, ते सर सभ्यपणे रांगेच्या शेवटी उभे होते. त्यांची पाळी आली तेव्हा पाइप गचके खायला लागला. सरांचा चेहरा उजळला. "बाई, आता हे पाणी कसं पडतंय बघा..."

माझे चार ड्रम वर न्यायचे होते. "कळलं, सर," मी म्हणाले.

सर हसले, अर्धी बादली उचलून आत गेले. शिकवणाऱ्याला 'कळलं' म्हटलं की त्याचा तास संपतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. ड्रम काय, दहा मिनिटं थांबले असते.