व्याही, विहीण आणि निळी भिंत

आमचे रंगमास्तर कुणालाही 'साधा पांढरा' देत नाहीत. तुम्ही रंगाच्या दुकानात शिरून "साधा पांढरा द्या हो" म्हणालात की ते स्टुलावरून उतरतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि तुमच्याकडे असं बघतात, जणू तुम्ही डॉक्टरकडे जाऊन "साधं औषध द्या" म्हणाला आहात. मग तुमच्यापुढे पांढऱ्याच्या चौदा पट्ट्या पसरल्या जातात.

"मला सगळ्या सारख्याच दिसतात," तुम्ही म्हणता.

मास्तरांना नेमकं हेच हवं असतं. "तुम्हाला दिसतात," ते बोट वर करून म्हणतात. "पण आहेत का?"

झालं. तुमचा अर्धा तास गेला. रंग मिळेल, पण त्याआधी सत्य एकच असतं, ते तुमच्या-माझ्या वाटण्यावर थांबलेलं नसतं, हे तुम्हाला पटवून घ्यावं लागेल.

एकतीस वर्षं मास्तर त्याच टेबलामागे रंग कालवताहेत. कुठल्याही भिंतीचा नखाएवढा पोपडा आणून द्या. तो खिडकीच्या उजेडात धरणार, जीभ टाळ्याला लावून 'टॉक्' करणार आणि पांढऱ्या रंगाच्या डब्यात गडद रंगाचे थेंब टाकत टाकत अगदी तोच रंग उभा करणार. रंग ओळखणारी मशीन आली तेव्हा मालकांनी एक घेतली होती. मास्तरांनी ती खोक्यासकट वरच्या फळीवर ठेवून दिली, ती तिथेच राहिली.

दर गुरुवारी संध्याकाळी मास्तरांच्या बैठकीच्या खोलीत आमची प्रार्थनासभा भरते. आम्ही दहा-बारा ख्रिस्ती माणसं. गाणं होतं, प्रार्थना होते, मग चहा येतो आणि चहापाठोपाठ विहीणबाई येतात. विहीणबाई म्हणजे मास्तरांच्या मुलीच्या सासूबाई. त्या बालवाडी चालवतात. देवाशी त्यांचं भांडण नाही, ओळखच नाही. पण मास्तरांशी वाद घालायला त्या भर थंडीतही चालत येतात. 'ज्याचं त्याचं सत्य' हे त्यांचं पेटंट वाक्य. मुलांचं लग्न झाल्यापासून नऊ वर्षं हा सामना चालू आहे आणि आम्ही सभेतली माणसं, खरं सांगायचं तर, प्रार्थना जरा आटोपतीच घेतो.

"व्याही, मुंगीला साखरेचा दाणा डोंगराएवढा वाटतो," विहीणबाई सुरुवात करतात. "मला कणभर वाटतो. आता कोण खरं?"

"दाणा खरा!" मास्तर म्हणतात. "मुंगी काय आणि तुम्ही काय, दोघी त्याच्याकडेच बघताय ना? देवाला तो जसा दिसतो, तसा तो आहे."

"आणि देवाला कसा दिसतो, ते तुम्हाला कळवलंय वाटतं?"

"सगळं नसेल कळवलं. पण त्याला तर ठाऊक आहे!"

"बोलता मात्र त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसल्यासारखं!"

आम्ही टाळ्या पिटतो. दोन्हीकडून. मास्तरांची मुलगी स्वयंपाकघराच्या दारातून ओरडते, "बाबा, सासूबाई, चहा गार होतोय. तो तरी सगळ्यांसाठी एकसारखा गार होतो ना?"

असं सगळं छान चाललं होतं. पण गेल्या वर्षी दुकानात दोन तक्रारी आल्या. एका गिऱ्हाइकाचं फाटक आणि दुसऱ्याचं कपाट. दोघांचंही म्हणणं एकच, रंग जुळला नाही. मास्तरांनी दोघांनाही डोळे तपासून घ्यायला सांगितलं. मालक मास्तरांपेक्षा वीस वर्षांनी लहान, त्यांना काका म्हणतात. त्यांनी एकदा बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "काका, आणखी एक तक्रार आली तर मला मशीन खाली काढावी लागेल. मग या टेबलावर तुम्ही काय करणार?"

मास्तर घरी येऊन तीन दिवस जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण बोलले नाहीत. त्यांच्या बाबतीत हे जास्त गंभीर.

अशात बालवाडीतला पाण्याचा पाइप फुटला. प्लंबरने निळ्या भिंतीला खिडकीएवढं भोक पाडलं, पाइप बदलला, गिलावा करून दिला. उरलं एक करडं ठिगळ. विहीणबाई भिंतीचा तुकडा रुमालात बांधून दुकानात घेऊन आल्या.

"तेवढाच भाग रंगवायचाय. ओळखू येता कामा नये."

"तुम्हालाच शोधावं लागेल," मास्तर म्हणाले आणि 'टॉक्' केलं.

सोमवारी सकाळी मी दुकानात दाराच्या रंगासाठी उभा असताना फोन वाजला. पलीकडून विहीणबाईंचा आवाज मलाही ऐकू आला: "व्याही, जसे असाल तसे या!" मास्तर एप्रनसकट निघाले. मीही निघालो. असा प्रसंग कोण सोडतो!

बालवाडीत गुडघ्याएवढ्या खुर्च्या, त्यावर वीस-बावीस पोरं. भिंतीसमोर विहीणबाई, मास्तरांची मुलगी आणि ब्रश घेतलेला पेंटर. भिंत निळी, आणि तिच्या मधोमध ठिगळ... काय सांगू! कुणीतरी आभाळाला गुद्दा मारावा आणि ते सुजावं, तसं जांभळं!

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. जवळ गेले, लांब गेले, मान वाकडी केली.

"तंतोतंत," ते म्हणाले. "कुठे रंगवलंय?"

मुलीने बोट दाखवलं. "बाबा, हे. जांभळं."

"निळं आहे."

"जांभळं आहे, मास्तर," पेंटर म्हणाला. "मला लावतानाच वाटलं होतं. पण तुम्हाला कोण बोलणार?"

"जांभळं!" बावीस पोरं एका सुरात ओरडली. त्यांना तर रंगांचाच धडा चालू होता.

"निळं!" मास्तर गरजले.

मला राहवलं नाही. म्हटलं, "विहीणबाई, असेल की त्यांच्यासाठी निळं. ज्याचं त्याचं सत्य."

"कसलं डोंबलाचं ज्याचं त्याचं!" विहीणबाई कडाडल्या. "भिंत जांभळी आहे! ह्यांना काहीही दिसो, ती जांभळी आहे म्हणजे आहे!"

आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

मास्तर जागच्या जागी उडाले. खरंच उडाले, साठीचा माणूस! "म्हणालात!" ते ओरडले. "नऊ वर्षांनी म्हणालात! सगळ्यांनी ऐकलं? कुणाला काहीही दिसो, भिंतीचा रंग एकच! विहीणबाई, हात द्या! मी जिंकलो!"

त्यांनी विहीणबाईंचा हात धरून हलवला, पेंटरचा हलवला, माझा हलवला. आणि माझा हात हलवता हलवताच थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरून हसू सावकाश उतरत गेलेलं मी बघितलं. रंग एकच. सगळ्यांना जांभळा दिसतोय. त्यांना निळा.

"म्हणजे..." ते एवढंच म्हणाले आणि पोरांच्या एका इवल्याशा खुर्चीवर बसले.

तक्रार गेली तर ही तिसरी. टेबल गेलं. हे आम्हा सगळ्यांना कळलं, आणि विहीणबाईंना सर्वांत आधी. त्या वाकून अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "व्याही, मी रागात बोलले. तुम्हाला निळी दिसते ना? मग तुमच्यापुरती ती निळी. मी दुकानात चकार शब्द बोलणार नाही. मला तरी काय, सवय होईल जांभळ्याची."

केवढा मोह होता! मान डोलावली असती तर नोकरी वाचली असती, अब्रू वाचली असती. मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं आणि मान हलवली. आडवी.

"जिंकल्यावर हरलेल्याचं सत्य उसनं घेऊ काय?" ते म्हणाले. "चला दुकानात."

आमची वरातच निघाली. पुढे मास्तर, मागे विहीणबाई, मी, पेंटर. दुकानात शिरून मास्तर स्वतः शिडीवर चढले, वरच्या फळीवरचं खोकं काढलं, धूळ झटकली आणि मशीन मालकांपुढे ठेवली. "लावा. आधी भिंतीचा तुकडा, मग माझा डबा."

मालकांनी लावली. आकडे आले. शाळेतल्या पोरालाही कळावं एवढा फरक होता.

मास्तरांनी एप्रन सोडून टेबलावर घडी घालून ठेवला. गिऱ्हाइकं बघत होती. ती ऐकतील अशा आवाजात ते म्हणाले, "फाटकवाले आणि कपाटवाले, दोघंही खरे होते. चुकलो मी. माझा डोळा खोटं बोलतोय."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन मिनिटांत निकाल दिला. "दोन्हीकडे मोतीबिंदू. जुन्या कागदासारखा पिवळा पडलाय. निळा-जांभळा तुमच्यापर्यंत पोचतच नाही. कधीपासून कमी दिसतंय?"

"कमी? मला तर सगळं दिसतंय," मास्तर म्हणाले. आजार असा की आजाऱ्यालाच पत्ता नाही!

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा आम्ही अर्धी सभा तिथे होतो. मास्तरांनी डोळा उघडला, छताकडे बघितलं आणि किंचाळलेच. "पांढरं! अहो, छत पांढरं आहे!" मग बायकोकडे बघून म्हणाले, "आणि तुझे केस पांढरे झालेत!"

"तीन वर्षं झाली," बाई म्हणाल्या.

"मला सोनेरी वाटत होते!"

"वाटू द्यायचे होते," बाई म्हणाल्या. पण त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

मास्तरांनी घरी जाण्याऐवजी थेट बालवाडी गाठली. दारातूनच हात पसरून ओरडले, "जांभळी! बाप रे, किती भयानक जांभळी!" एवढ्या आनंदाने स्वतःची चूक बघणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मग त्यांना नवाच खेळ सापडला. डावा डोळा झाकला की जांभळी, उजवा झाकला की निळी. "जांभळी! निळी! जांभळी! निळी!" पोरंही एकेक डोळा झाकून ओरडायला लागली.

विहीणबाईंनी संधी सोडली नाही. "बघा बघा! एकाच माणसाला दोन सत्यं!"

"दोन नाहीत," मास्तर म्हणाले. "एक सत्य आणि एक मोतीबिंदू."

विहीणबाई हसल्या, मग गंभीर झाल्या. "पण व्याही, आम्हा सगळ्यांनाच मोतीबिंदू असता तर? तुम्हाला कुणी सांगितलं असतं?"

एरवी मास्तर उत्तर तयार ठेवूनच प्रश्न ऐकतात. या वेळी त्यांनी आधी एकेक डोळा झाकून भिंत पुन्हा बघितली. "कुणीच नाही," ते म्हणाले. "भिंत जांभळीच राहिली असती आणि देवाला ती तशीच दिसली असती. पण मी शपथेवर निळी म्हणत मेलो असतो." मग विहीणबाईंकडे वळून, "म्हणून गुरुवारी यायचं चुकवू नका. खुर्ची मी आता खाली, तुमच्या शेजारी टाकतो."

दुसरा डोळा पुढच्या महिन्यात झाला. मालकांनी टेबल परत दिलं, पण मशीनही त्याच टेबलावर ठेवली. "ती आता राहणार, काका."

"राहू दे," मास्तर म्हणाले. "मी चुकलो की तिने मला सांगावं. ती चुकली की मी तिला सांगेन."

"ती चुकत नाही, काका."

मास्तरांनी दोन्ही नवे डोळे मशीनवर रोखले. स्टूल जवळ ओढलं, बाह्या वर केल्या आणि म्हणाले, "असं कोण म्हणतं? ती स्वतःच ना? मलाही तसंच वाटत होतं!"