तीनशे वर्षांची भिंत आणि माझं हॅमर ड्रिल

तीनशे वर्षांपूर्वीचे जर्मन सुतार माझ्यापेक्षा चांगले सहा इंचांनी बुटके होते, हे मला कपाळावर कळलं.

२०१४ साली हेर्त्सोगेनआउराखजवळच्या एका खेड्यात आम्ही भाड्याचं घर बघायला गेलो होतो. पहिल्या दाराच्या चौकटीवर मी धाडकन आपटलो. दुसऱ्या दारावर पुन्हा. (पहिला अनुभव कपाळापर्यंतच पोचला होता, मेंदूकडे निघालेला होता.) तिसऱ्या दाराशी मात्र मी आधीच कमरेत वाकलो, आणि नेमक्या पलीकडे घरमालकीण फ्राऊ हाल्लर उभ्या! ऐंशीच्या घरातल्या, ताठ कण्याच्या बाई. त्यांना वाटलं, ही भारतातली अदब. त्याही तेवढ्याच वाकल्या. आठवड्याभरात घर मिळालं.

घर म्हणजे चित्रच! काळ्याभोर ओकच्या तुळया उभ्या, आडव्या, तिरप्या. मधल्या चौकोनांत पांढरीशुभ्र भिंत. वरचा मजला खालच्याच्या पुढे आलेला, जणू गल्लीतून कोण चाललंय ते वाकून बघतोय. सगळी जोडणी लाकडात लाकूड अडकवून, लाकडी खुंट्या मारून. लोखंडाचा एक खिळा नाही! जमीन इतकी उतरती, की आमच्या दहा वर्षांच्या सईचा चेंडू स्वयंपाकघरात हरवला की दिवाणखान्यात सापडायचा, आणि ताटातलं वरण कायम पूर्वेला. मी कॉलेजच्या ग्रुपवर रोज एक फोटो टाकून पुण्यातल्या मित्रांचा छळ करत होतो.

भाडेकरार एका वर्षाचा. "पुढचं मग बघू," असं फ्राऊ हाल्लर म्हणाल्या होत्या. घर सरकारी संरक्षणातलं, त्यामुळे तुळयांना टाचणीसुद्धा टोचायची नाही, असं करारात कलम. बघता बघता वर्ष संपत आलं आणि पुढचं ठरवायला त्या रविवारी दुपारी तीनला कॉफीला येणार होत्या. सई तिथल्या शाळेत रुळली होती, बायको मेधा अख्ख्या गल्लीची मैत्रीण झाली होती. हे घर सुटलं असतं, तर सगळंच सुटलं असतं.

त्याच सुमारास सासूबाई देवरुखहून तीन महिन्यांसाठी आल्या. (आमच्या लग्नात त्या म्हणाल्या होत्या, "एकुलती एक लेक आमची, इथेच राहा की दोघं." मी छाती पुढे काढून म्हणालो होतो, "माफ करा, मी घरजावई होणाऱ्यातला नाही!") सामानातून त्यांनी सुट्या भागांत एक लाकडी देव्हारा आणला होता. तो शनिवारी पूर्वेच्या भिंतीवर लावायचं ठरलं.

"अहो, आधी फ्राऊ हाल्लरना विचारायचं का?" मेधा म्हणाली. (एरवी ती मला 'अरे' म्हणते. आईसमोर 'अहो'.)

"कलमात फक्त तुळया आहेत. मी मधल्या पांढऱ्या भागात भोक पाडणार."

"पापा, दास इस्ट फेरबोटन!" सई ओरडली. (म्हणजे 'मनाई आहे'. या देशातली मुलं हा शब्द 'आई'च्या पाठोपाठ शिकतात.)

मी बेअरिंग डिझाइन करणारा माणूस, माझं काम मायक्रॉनमध्ये चालतं. पांढऱ्या रंगाखाली दगड असणार, असं पक्कं गृहीत धरून मी हॅमर ड्रिल लावलं आणि अंगाचा सगळा भार टाकला. भिंतीने काही म्हणजे काही विरोध केला नाही! ड्रिल सपकन आरपार गेलं, पाठोपाठ मी भिंतीला मिठी मारली, आणि पायांवर मातीचा ढीग पडला. बघतो तर पेरूएवढं भोक. भोकातून ऊन येत होतं. मग ऊन थांबलं आणि तिथे एक डोळा आला.

"पापा! इष झे दिश! मला तू दिसतोयस!" बाहेर गल्लीत धावलेली सई आनंदाने किंचाळली.

मी तडक बाउमार्क्टमध्ये जाऊन सिमेंटचं पोतं आणलं. (हार्डवेअरच्या दुकानात गेलं की पुरुषाला आपण दुरुस्ती केली असंच वाटतं.) भोक बुजवलं. अर्ध्या तासाने सिमेंटचा गोळा घरंगळला आणि सोबत आजूबाजूची माती घेऊन गेला. पेरूचा नारळ झाला. मी पुन्हा भरलं. नारळाचा फणस झाला. शेवटी त्यावर मराठी कॅलेंडर टांगलं, तर भोकातून वारा आला आणि जूनमध्ये दिवाळी दिसू लागली!

"अहो," मेधा इतक्या हळू म्हणाली, की मला घाम फुटला. "उद्या तीनला काय सांगणार आहात?"

"सरका बघू," सासूबाई पुढे आल्या. त्यांनी चष्मा लावून भोकात हात घातला आणि हसायलाच लागल्या. "अहो मिलिंदराव, हा तर कुड! कारवीच्या जागी दुसऱ्या काटक्या विणल्यायत, एवढंच. वर माती लिंपलेली. आमच्या माहेरचा गोठा अस्साच होता!"

वर्षभर ज्याचे फोटो टाकले, तो गोठा!

"पडलेली माती फेकू नका, तीच भिजवायची. पेंढा लागेल. आणि शेण आणा बादलीभर, ताजं."

गावाच्या टोकाला एक शेतकरी होता. मी बादली घेऊन त्याच्या दारात.

"शेणखत? ट्रेलर पाठवू?" त्याने विचारलं.

"नको, बादलीभर पुरे."

"बागेसाठी?"

"नाही. दिवाणखान्यासाठी."

त्याने माझ्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं. मग त्याने काही न बोलता बादली भरून दिली आणि वर पेंढ्याचा भारा दिला. (त्या शांततेबद्दल मी त्याचा आजन्म ऋणी आहे.)

रविवारी सकाळपासून सासूबाई पदर खोचून सईच्या प्लास्टिकच्या टबात चिखल तुडवत होत्या. सईसुद्धा आत उतरली होती. मला फक्त पाणी ओतायची परवानगी होती. तीनला दहा कमी असताना शेवटचा हात अजून फिरायचा होता. तीनच्या ठोक्याला बेल वाजली. (त्या देशात पाहुणा पाच मिनिटंही दया दाखवत नाही.)

फ्राऊ हाल्लर आत आल्या. हातात केक. समोर संरक्षित भिंत, त्यात ओला फणस, आणि कोपरापर्यंत शेणामातीत बुडालेल्या माझ्या सासूबाई.

"आल्झो..." म्हणजे 'तर, त्याचं असं...' मी सुरुवात केली. पुढचं जर्मन संपलं.

फ्राऊ हाल्लर भिंतीजवळ गेल्या. वास घेतला. बोटाने ओली माती दाबून पाहिली. मग केक माझ्या हातात दिला, घड्याळ काढून मेधाच्या हातात दिलं आणि बाह्या वर सारल्या.

"माझी आई असंच करायची," त्या म्हणाल्या. "दर वसंतात. मी टबात उभी असायचे." आणि त्यांनी डावा कोपरा दाखवला. तिथे ढिलं राहिलं होतं. सासूबाईंनी मान डोलावली, माती दिली. तासभर दोघी शेजारी शेजारी लिंपत होत्या. एक मराठीत बोलत होती, एक जर्मनमध्ये, आणि दोघींचं एकदाही अडलं नाही. मी केक धरून उभा होतो.

कॉफी झाल्यावर फ्राऊ हाल्लरनी करार पुढे वाढवला आणि स्वतःच्या हाताने दोन ओळी जोडल्या. पहिली: या घरात माझ्या हाती ड्रिल देऊ नये. दुसरी: करारावर सासूबाईंचीही सही हवी, कारण घरातल्या एका तरी माणसाला घर कळलं पाहिजे. सासूबाईंनी हात धुतले आणि देवनागरीत ठसठशीत सही केली.

पुढे सहा वर्षं आम्ही तिथे राहिलो. चार चौकोनांना चिरा गेल्या, तो एक कधी तडकला नाही. देव्हारा शेवटी स्टुलावर बसला. सकाळी हात जोडताना माझा पहिला नमस्कार भिंतीला असायचा, त्या दोघींच्या तळव्यांचे ठसे जिथे अजून दिसत होते तिथे.

पण त्या रविवारी, फ्राऊ हाल्लरना दारापर्यंत पोचवून (आणि चौकटीवर आपटून) मी परतलो, तेव्हा मेधा करार वाचत बसली होती. तिने आईची सही पाहिली, माझं कपाळ पाहिलं आणि म्हणाली, "अहो, एवढे सात समुद्र ओलांडलेत, पण शेवटी झालात ना घरजावई!"