श्यामला मेत्रीने लावलेला पियानो

हुबळीच्या कमरीपेठेत श्यामला मेत्रीचं घर विचारलं, तर लोक "हार्मोनियमवाल्या अक्काचं का?" असं विचारून बोट दाखवतात. ती पियानोही लावते हे फार थोड्यांना ठाऊक. हुबळी-धारवाडात मिळून पियानो असतील वीस-बावीस. काही शाळांतून, काही चर्चमधून, दोन-चार हौशी डॉक्टरांच्या दिवाणखान्यात. पंचवीस वर्षं ते सगळे एकट्या श्यामलाच्या हाताखालून जात होते.

ही विद्या तिच्याकडे वडिलांकडून आली. धम्मानंद मेत्री रेल्वे वर्कशॉपात सुतार होते. रेल्वेच्या क्लबातला पियानो दुरुस्त करायला वर्षातून एकदा कलकत्त्याहून एक म्हातारा यायचा. त्याची हत्यारं धरायला म्हणून धम्मानंदांना शेजारी उभं करत. त्यांनी हत्यारं धरली आणि कान उघडे ठेवले. म्हातारा यायचा बंद झाला तोवर सगळं काम त्यांच्या हातात बसलं होतं. पुढे त्यांनी ते थोरल्या लेकीला शिकवलं. श्यामला पहिल्यांदा एकटी धारवाडच्या एका शाळेत गेली, तेव्हा आडनाव ऐकून शिपाई म्हणाला, "मागच्या दाराने या." ती पुढच्या दाराने आत गेली, काम केलं, आणि पुढच्याच दाराने बाहेर आली. त्या शिपायाचं नाव तिला आजही पाठ आहे. कुणी केलेलं ती विसरत नाही. चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

तर ही गोष्ट तिची आणि स्वप्नील मिरजकरची.

स्वप्नीलच्या वडिलांचं कोप्पीकर रोडवर वाद्यांचं दुकान. मुलगा बेंगळुरूला शिकला, परत आला आणि कॉम्प्युटरवर वाजणारी वाद्यं बनवू लागला. म्हणजे खरं वाद्य समोर ठेवायचं, त्याचा एकेक स्वर हळू, मध्यम, जोरात असा पंधरा-वीस तऱ्हांनी रेकॉर्ड करायचा आणि ते सगळे तुकडे अशा बेताने जोडायचे, की जगात कुठेही कुणी छोट्या कीबोर्डवर बोट ठेवलं तर तेच वाद्य वाजल्यासारखं वाटावं. त्याला पियानो हवा होता. धारवाडच्या त्याच शाळेत शंभर वर्षांचा एक उभा पियानो होता, तो त्याने निवडला. आणि तो लावायला श्यामलाला बोलावलं.

तिने त्या पियानोवर अकरा दिवस घातले. नुसत्या तारा जुळवल्या नाहीत. एकेक पट्टी काढून खालची झिजलेली बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, बदलली, तारांवर आपटणारे, टणक झालेले नमद्याचे हातोडे सुईने टोचून मऊ केले. हलक्या बोटाला हलका आवाज आणि भारी बोटाला भारी आवाज मिळेपर्यंत तिने हात काढला नाही. स्वप्नील शेजारी स्टुलावर बसून बघायचा. "अक्का, तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं," असं तो रोज म्हणायचा, आणि ते ऐकायला तिला आवडायचंही.

दीड वर्षाने तो पियानो 'मलप्रभा' या नावाने बाजारात आला. लोकांनी डोक्यावर घेतला. बोटाखाली इतका जिवंत लागणारा पियानो आजवर मिळाला नव्हता, असं कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी लिहिलं. मग एका कन्नड वर्तमानपत्रात स्वप्नीलची मोठी मुलाखत आली. शेजारच्या पद्माने ती आणून श्यामलाला दाखवली. त्यात स्वप्नीलने म्हटलं होतं, की पियानो फारच वाईट अवस्थेत होता. गावातल्या एका बाईने तो अंदाजाने लावून ठेवला होता. अठ्ठ्याऐंशीच्या अठ्ठ्याऐंशी स्वरांत चुका होत्या, त्या आपण कॉम्प्युटरवर एकेक करून दुरुस्त केल्या.

श्यामलाने ते दोनदा वाचलं. पद्माला चहा दिला. पद्मा गेल्यावर दार लावून घेतलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. अंदाजाने! बापाने वीस वर्षं घासून दिलेला कान, आणि हा पोरगा म्हणतो अंदाजाने. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती मुलाखत गावातल्या शाळांनीही वाचली. पुढच्या जूनमध्ये दोन शाळांनी तिला बोलावलंच नाही. फोनमधलं अ‍ॅप बघून तारा पिळणारा कुणी एक माणूस त्यांनी धरला. तिसऱ्या शाळेतल्या बाई सरळच म्हणाल्या, "अक्का, तुम्ही मशीन वापरत नाही ना? मग खात्री कशी धरायची?"

श्यामलाने स्वप्नीलला एकच फोन केला. तो हसत म्हणाला, "अहो, पेपरवाले काहीही छापतात. मनावर घेऊ नका." तिने मनावर घेतलं.

धारवाडात स्मृती हेरेकर नावाची पियानोशिक्षिका राहते. ती सात वर्षांची असल्यापासून तिचा पियानो श्यामलाच लावत आली होती. तिच्या लॅपटॉपवर 'मलप्रभा' होता. श्यामला एका दुपारी तिच्याकडे गेली, कानाला हेडफोन लावले आणि म्हणाली, "खालपासून वर एकेक स्वर वाजव. सावकाश."

पहिल्याच स्वराला तिने ओळखलं. ती लाकडाची कुरकुर, तो पेडलचा उसासा, सगळं तिच्या पियानोचं. पण जसजशी स्मृती वर गेली तसतसा श्यामलाचा चेहरा बदलत गेला.

"सरळ केलंय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तार म्हणजे गणित नव्हे गं. खरी तार ताठ असते, तिच्यातून निघणारे वरचे सूर जरा चढेच निघतात. म्हणून वरची सप्तकं अंमळ चढी आणि खालची अंमळ उतरती ठेवायची, तरच कानाला ती खरी वाटतात. मी तशीच ठेवली होती. याला स्क्रीनवर काटा इकडेतिकडे दिसला, आणि याने सगळे स्वर पट्टीने आखल्यासारखे सरळ करून टाकले."

"म्हणून वरच्या बाजूला मुका वाटतो," स्मृती म्हणाली. "बरेच लोक तक्रार करतात. कारण कुणाला कळत नाही."

श्यामलाने हेडफोन काढून ठेवले. घरी परत जाताना बसमध्ये तिला पहिल्यांदा बरं वाटलं. तिच्या हाताला आता काहीतरी लागलं होतं.

ती आठ महिने थांबली. मग स्वप्नीलचा फोन आला. धारवाडजवळ रायापूरच्या एका कॉलेजच्या सभागृहात 'मलप्रभा'चा जाहीर कार्यक्रम होता. शाळेतला तो खरा पियानो स्टेजवर आणायचा, स्मृती तो वाजवणार, स्वप्नील कीबोर्डवर त्याची कॉम्प्युटरमधली जोडी वाजवणार. आधी एकामागून एक, मग दोन्ही एकत्र. डोळे मिटून ऐकलं तर ओळखता येऊ नये. अ‍ॅपवाल्या माणसाने शंभर वर्षांच्या खुंट्यांना हात लावायला नकार दिला होता.

"अक्का, झालं गेलं सोडा. तुमच्याशिवाय हे होणार नाही."

"येते की," श्यामला गोड आवाजात म्हणाली. "मशीनला जुळवूनच हवा ना?"

"अगदी तंतोतंत."

"गाडीतून आलेला पियानो एक दिवस बसू द्यावा लागतो बघ. मी कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी लावेन. त्याआधी कुणी हात लावायचा नाही."

तिचं म्हणणं खरंच होतं. पण त्यामुळे दोन्ही वाद्यं एकत्र वाजवून बघायला वेळच उरणार नाही, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या सकाळी रिकाम्या सभागृहात ती साडेपाच तास काम करत होती. मधलं सप्तक तिने स्टेजवर मांडून ठेवलेल्या स्वप्नीलच्या मशीनशी असं जुळवलं, की केसाचाही फरक राहू नये. तिथून वर मात्र ती दर पायरीला किंचित चढी गेली, आणि खाली किंचित उतरती. नेहमी ठेवायची त्याहून जास्त. एकटा ऐकला तर पियानो गोडच लागला पाहिजे, उलट जास्तच झळाळला पाहिजे. दुसऱ्याशेजारी मात्र त्याचं पटता कामा नये. त्या मर्यादेच्या अगदी काठावर तिने एकेक खुंटी आणून सोडली. बापाने शिकवलेलं सगळं तिने त्या दिवशी वापरलं. कुणाच्या वाईटासाठी इतकं मन लावून काम तिने आयुष्यात केलं नव्हतं.

साडेअकराला स्वप्नील आला. त्याने मधले पाच-सात स्वर दोन्हीकडे वाजवून पाहिले. एकजीव. "वा अक्का!" तो म्हणाला. तो मधलेच स्वर तपासणार, हे तिने त्या अकरा दिवसांत बघून ठेवलं होतं.

संध्याकाळी तीनशेवर माणसं जमली. धारवाडची माणसं ती, बेसूर सहन करणारी नव्हेत. श्यामला चौथ्या रांगेत कडेला बसली. आधी स्मृतीने एक ओळ वाजवली, मग तीच स्वप्नीलने. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग दोघांनी एकत्र सुरुवात केली. पहिलं मिनिट छान गेलं. मग चाल वर चढली, स्मृतीचा डावा हात खाली उतरला, आणि हवेत काहीतरी नासायला लागलं. दोन स्वर एकमेकांवर घासून वांव-वांव करू लागले. लोक खुर्चीत चुळबुळले. स्वप्नीलने एका हाताने लॅपटॉपवरचं सुराचं बटण फिरवलं. वरचं जरा जवळ आलं, पण मधलं बिघडलं आणि खालचं आणखीनच लांब गेलं. त्याने उलटं फिरवलं. त्याने तर दाणादाण उडाली. पुढच्या रांगेतल्या एक वृद्ध गायिका शेजारणीला म्हणाल्या, "श्रुती सेर्तिल्ला." सूर मिळत नाहीत, हे त्या हळू बोलल्या तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

स्वप्नील थांबला. कपाळावर घाम. त्याने माइक उचलला.

"माफ करा. पियानो नीट लागलेला नाही. इथे आपल्याकडे ट्यूनिंगची हीच अडचण आहे."

श्यामला उठली आणि पायऱ्या चढून स्टेजवर गेली. एक वर्ष ती याच वाक्याची वाट बघत होती.

"स्मृती, तू एकटी वाजव," ती म्हणाली.

स्मृतीने वाजवलं. शंभर वर्षांचं ते खोकं घंटेसारखं निनादलं. वृद्ध गायिकेने मान डोलावली.

"आता तू. एकटा. वरच्या सप्तकात."

"अक्का, आपण नंतर बोलू," स्वप्नील माइक बाजूला धरून पुटपुटला.

"मुलाखत काय नंतर दिली होतीस? सगळ्या गावापुढे दिलीस. वाजव."

त्याला वाजवावं लागलं. आताच ऐकलेल्या त्या झळाळीनंतर ते पत्र्यासारखं वाजलं. कुणी हसलं नाही, पण वृद्ध गायिकेच्या कपाळाला आठ्या पडल्या.

श्यामलाने माइक मागितला नाही. तिचा आवाज तसाही शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. "हा पियानो मी लावला होता. अकरा दिवस. याने माझ्या जुळवणीला अठ्ठ्याऐंशी चुका म्हटलं आणि पुसून टाकलं. पेपरात माझं नावसुद्धा नाही, एक बाई म्हणून आहे. ती बाई मी. श्यामला धम्मानंद मेत्री. स्वप्नील, चुका कुणाच्या होत्या, ते सांग यांना."

स्वप्नीलने माइक खाली ठेवला. मग खाली बघत म्हणाला, "माझ्या."

"ऐकू नाही आलं."

"माझ्या चुका होत्या."

ती उतरली आणि बाहेर आली. रिक्षात बसल्यावर हसू आवरेना. घरी येऊन तिने पद्माला सगळं दोनदा सांगितलं. स्वप्नीलने मान खाली घातली ते तर तीनदा.

तीन दिवसांनी स्वप्नील कमरीपेठेत आला. 'मलप्रभा'ची नवी आवृत्ती मूळ जुळवणीसकट काढायची आहे, तुमचं नाव घालतो, म्हणाला. श्यामलाने आधी हातातल्या पेटीचं काम पुरं केलं. पाऊण तास तो समोर बसून होता. मग ती म्हणाली, "आधी त्याच पेपरात, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापून आण. मग बघू." त्याने छापून आणलं. तरीही तिने त्याला क्षमा वगैरे केली नाही. नाव घालू दिलं, आणि यापुढे घरी यायचं नाही, फोनवर काय ते सांगायचं, असं बजावलं. दोन्ही शाळांचे फोन आले. एकीला ती गेली. दुसरीच्या हेडमास्तरांना तिने सांगितलं, तुमचा अ‍ॅपवाला बरा आहे.

स्मृतीचं मात्र वेगळं झालं. कार्यक्रमानंतर आठवड्याने ती आली आणि दारातच उभी राहिली.

"अक्का, इतकं चढं तू कधीच ठेवत नाहीस. माझ्या घरचा पियानो वीस वर्षं ऐकतेय मी."

श्यामलाने खोटं बोलायचा विचारही केला नाही. "नाही ठेवत."

"स्टेजवर मीपण होते. लोकांना वाटलं मला वाजवता येत नाही. मला आधी सांगायचंस."

"तू त्याला सांगितलं असतंस."

"हो," स्मृती म्हणाली, "सांगितलं असतं," आणि गेली.

आता तिचा पियानो लावायला बेळगावहून एक माणूस येतो. बरा लावतो म्हणे. स्वप्नीलचं जे केलं त्याचा श्यामलाला आजही पश्चात्ताप नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करेन, असं ती कुणालाही तोंडावर सांगते. स्मृतीचा विषय निघाला, की मात्र ती उठून चहा टाकायला आत जाते.