गुडघ्याचा पट्टा

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मी मांडवगणच्या दवाखान्यात नर्स होते. तिथं इंग्लंडहून नर्सिंग शिकणारी एक मुलगी महिनाभरासाठी आली. पहिल्या दिवशी तिच्याकडं कुणी जाईना. गोऱ्या बाईपुढं हात करायला माणसं लाजत होती. शेवटी एक आबा पुढं झाले. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही, चहा मात्र रोज पाजला.

तिनं बीपी बघायला त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली आणि मी शिकवलेलं एकमेव मराठी वाक्य विचारलं, "डुकटंय का?"

दुसऱ्या दिवशी आबा धोतर गुडघ्याच्या वर खोचूनच आले. "काल हात मोकळा झाला. आज ह्यो गुडघा आवळा."

पट्ट्यानं नुसतं मोजतात, हे मी परोपरीनं सांगितलं. पण तिला मराठी कळत नव्हतं, मला धड इंग्रजी येत नव्हतं आणि आबांना माझं ऐकायचं नव्हतं. तिनं पट्टा बांधलासुद्धा. आठवडाभरात गुडघेवाल्या म्हाताऱ्यांची रांग व्हरांड्याबाहेर गेली.

ती परत गेल्यावर आबा माझ्यापुढं पाय पसरून बसले. मी मुकाट्यानं पट्टा आवळला.

"दुखतंय का, आबा?"

"तसं न्हाई. ती म्हनायची तसं म्हना."

सगळा दवाखाना बघत होता. मी हळूच म्हणाले, "डुकटंय का?"

आबांनी डोळे मिटले. "आत्ता उतरलं बघा."

आता माझाही गुडघा धरतो. घरात कुणी नसलं की मी बीपीचा पट्टा बांधते आणि त्याच सुरात स्वतःला विचारते.