तुबलीतली पालेभाजी

बाळ गेल्यानंतरचे महिने मला बारीकसारीक तपशिलांसह आठवतात. त्यात मी स्वतः कुठे होते, ते मात्र आठवत नाही. मुलगी होती. बहारीनमध्ये, मनामाच्या हॉस्पिटलात जन्मली आणि दुसरा दिवस उजाडायच्या आत गेली. नवऱ्याने आणि त्याच्या ऑफिसातल्या दोघांनी तिला नेलं. कुठे नेलं, ते मी विचारलं नाही. घरी आले, आंघोळ केली, भात टाकला. आई फोनवर म्हणाली, इकडे ये. गेले नाही. जाऊन लोकांना काय सांगायचं, तेच सुचत नव्हतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नवरा तुबलीच्या एका वर्कशॉपमध्ये इंजिनिअर होता आणि आम्ही जिदहफ्सला दुमजली इमारतीत वर राहत होतो. लग्नाआधी मी पुण्यात कॉलेजच्या मुलींना वनस्पतिशास्त्र शिकवत असे. पानाचा पातळ छेद कसा घ्यायचा, फूल उलगडून झाडाचं कूळ कसं ओळखायचं, असलं सगळं. बहारीनला आल्यावर ते सुटलं होतं, आणि त्याचं काही वाटतही नव्हतं.

खालच्या मजल्यावर वसईची एक नर्स राहायची. माझ्याहून बरीच मोठी, आवाज खणखणीत. अख्खी इमारत तिला सिस्टर म्हणायची. बाकीच्या बायका डबे घेऊन यायच्या आणि माझ्याकडे बघून डोळे पुसायच्या. सिस्टर तसलं काही करायची नाही. एक दिवस ड्यूटीवरून आली ती कुंडीतल्या जास्वंदीची एक फांदीच तोडून घेऊन आली. फांदीला पांढरा कापूस चिकटला होता.

"काय झालंय गो बाय हिला? बुरशी आलीय काय?"

"बुरशी नाही. पिठ्या ढेकूण आहे."

"झाडाला ढेकूण?"

"रस शोषतात. त्यांच्या अंगातून चिकट गोड पाणी गळतं, ते मुंग्या खातात. मुंग्याच त्यांना या फांदीवरून त्या फांदीवर नेऊन ठेवतात. म्हणून आधी मुंग्यांची वाट मोडा. मग साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून सगळं पुसून काढा."

कित्येक दिवसांत मी सलग इतकं बोलले नव्हते. ते माझ्या लक्षात आलं नाही, सिस्टरच्या आलं. दुसऱ्या दिवसापासून तिने बायकांना माझ्याकडे पाठवायला सुरुवात केली. कुणाच्या कढीपत्त्याला पाखराच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या. कुणाच्या मोगऱ्याची पानं पिवळी. कुणाची तुळस तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावलेली, उन्हाने डबा तापून मुळं अक्षरशः शिजलेली. मी पान उलटून बघायची, सांगायची, दार लावायची. आनंद वगैरे काही नव्हता. पान हातात आलं की बोटं आपोआप मागची बाजू चाचपायची, इतकंच.

त्या हिवाळ्यात बहारीनमध्ये पाऊस जरा बरा झाला. एरवी उघड्या असणाऱ्या जागांवर हिरवं उगवलं. फेब्रुवारी संपत आला असेल. शुक्रवारची सुट्टी, म्हणून नवरा घरी होता. आम्ही जेवायला बसणार, तेवढ्यात हॉस्पिटलमधून सिस्टरचा फोन आला.

"बाय, ताबडतोब निघ. हॉस्पिटलात नको, तुबलीला जा. तुझ्या नवऱ्याच्या वर्कशॉपच्या मागे लेबर कॅम्प आहे ना, तिथली माणसं आणलीत आमच्याकडे. वेड्यासारखी करतायत. एक जण हवेत स्क्रू पिळतोय. अंग भट्टीसारखं तापलंय, तोंड कोरडं आणि डोळ्यांच्या बाहुल्या ह्या एवढ्या मोठाल्या."

"काय खाल्लं?"

"पालेभाजी. तिथेच कुठेतरी खुडलेली. डॉक्टर म्हणतात धोत्र्यासारखं काहीतरी आहे, पण नक्की काय ते कळायला हवं. आणि आणखी कुणी खाल्लं असेल तर?"

मी ताट झाकून ठेवलं, चप्पल घातली. नवरा माझ्याकडे बघत होता. घराबाहेर पडून मला बराच काळ झाला होता. त्याने किल्ली घेतली.

तुबलीच्या गॅरेजांच्या रांगेमागे एक उथळ नाला होता. कॅम्पातलं धुण्याभांड्यांचं पाणी त्यात सोडलेलं. दोन्ही काठांना हिरवंगार माजलेलं. कॅम्पाच्या दारात आचारी उभा होता. नांदेडकडचा माणूस, पन्नाशीच्या आसपास. सगळ्यांना वाढून मग आपण जेवायचं ही त्याची रीत, म्हणून त्याच्या पोटात भाजीचा घासही गेला नव्हता.

"माठच होता हो बाई," तो मला बघताच म्हणाला. "लहानपणापासून खातोय. माठ ओळखू येणार नाही का मला?"

"कुठून खुडला ते दाखवा."

त्याने दाखवलं. खरंच माठ होता. त्यात घोळही होती, लालसर देठांची, जमिनीलगत पसरलेली. मी खाली बसले. माठाची पानं टोकाला जराशी खाचलेली असतात, मागच्या शिरा उठून दिसतात. त्या गर्दीत काही रोपं वेगळी होती. उंची माठाएवढीच, फुलावर न आलेली. पानं मऊ, अंगावर बारीक लव. देठापाशी पानाच्या दोन बाजू सारख्या उंचीवर संपत नव्हत्या, एक खाली उतरलेली. मी एक पान चुरगळून नाकाला लावलं. खवट उग्र दर्प. पुढे नाल्याच्या वळणावर एक जुनं झुडूप होतं, त्याला काटेरी बोंड लटकत होतं.

"हा धोत्रा आहे," मी म्हणाले. "माठात मिसळून उगवलाय. खुडताना मूठभर आला असणार."

आचारी तिथेच मातीत बसला. "धोत्रा मला ठाऊक आहे, बाई. महादेवाला वाहतो आम्ही. पण फुलावर असतो तेव्हा ठाऊक. हे एवढंसं रोप..." मग म्हणाला, "रोज डाळ आणि फ्रीजरची कोंबडी. पोरं म्हणत होती, पालेभाजी खाऊन वर्ष झालं. म्हणून केली. मरतील का ते?"

"नाही मरणार," मी म्हणाले.

मला तसं काहीच माहीत नव्हतं. धीर द्यावा म्हणूनही मी ते बोलले नाही. त्याने प्रश्न विचारला आणि माझ्या तोंडून उत्तर निघालं.

"आणखी कुणाला दिलीत ही भाजी?"

त्याने तोंडावर हात धरला. "बाबांना. गॅरेजच्या वॉचमनला. वाडगाभर दिली."

गॅरेज चार दारं सोडून होतं. शटर अर्धं उघडं. नवरा वाकून आत गेला, मागून मी. म्हातारा एका उघड्या गाडीच्या चाकाला टेकून बसला होता. वाडगा रिकामा. डोळे सताड उघडे आणि बाहुल्या इतक्या पसरलेल्या, की डोळ्यांचा रंगच दिसत नव्हता. चेहरा लालबुंद. तो जमिनीवरून काहीतरी वेचत होता. तिथे काहीच नव्हतं.

"बाबा, उठा. हॉस्पिटलला जायचंय."

"शेंगा भरून होऊ देत," तो म्हणाला. बोली साताऱ्याकडची. "पावसाचं चिन्ह दिसतंय."

नवऱ्याने आणि आचाऱ्याने त्याला धरून आमच्या गाडीत मागच्या सीटवर बसवलं. मी त्याच्या शेजारी बसले. आचारी पुढे. धोत्र्याची उपटलेली दोन रोपं आणि तोडून घेतलेलं बोंड मी वर्तमानपत्रात गुंडाळून पायाशी ठेवली होती.

गाडी निघाली तशी म्हातारा पुन्हा वेचायला लागला. सीटवरून, आपल्या लुंगीवरून, काचेवरून. मूठ भरली की माझ्याकडे वळायचा.

"धर की पोरी. पदर पसर."

मी साडीचा पदर मांडीवर पसरला. त्याने मूठ त्यात रिकामी केली, अगदी हळू, एकही शेंग खाली पडू नये अशा बेताने. मग पुन्हा वेचलं, पुन्हा ओतलं.

"सांडू नको हां."

"नाही सांडत, बाबा."

"जड झालं का?"

"नाही."

पदराची दोन्ही टोकं मी घट्ट धरून ठेवली होती. पदरात काही नव्हतं. मला रडू येत नव्हतं. फक्त हात सोडायचे नाहीत, एवढं पक्कं होतं. पुढे सिग्नलला गाडी थांबली तेव्हा आरशात नवऱ्याचे डोळे दिसले. तो माझ्या मांडीकडे बघत होता. सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले. आचारी म्हणाला, "साहेब, यल्ला, चला." तेव्हा कुठे त्याने गाडी काढली.

हॉस्पिटलात म्हाताऱ्याला स्ट्रेचरवरून आत नेलं. मी डॉक्टरांना रोपं दिली, बोंड दाखवलं, कुठे उगवलंय ते सांगितलं. त्यांनी पानाचा वास घेऊन बघितला आणि मान हलवली. उपचार त्यांनी आधीच सुरू केले होते. आत कुणी पोट धुवत होतं, कुणी ओल्या फडक्यांनी अंग पुसत होतं. एक तरुण माणूस पलंगावर बसून नसलेल्या मशीनचा दांडा फिरवत होता, अगदी मन लावून. सिस्टर त्याचे खांदे धरून उभी होती. मला बघून म्हणाली, "बरं केलंस हां, बाय." मी मान डोलावली.

बाहेर पार्किंगमध्ये आले तर नवरा गाडीत बसलेला, इंजिन बंद. आचारी आत माणसांपाशी थांबला होता. मी पुढच्या सीटवर बसले. नवऱ्याने स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि तो रडायला लागला. मी त्याला रडताना कधी बघितलं नव्हतं. मुलीला नेलं त्या दिवशीसुद्धा नाही.

"मी तिला असंच मांडीवर घेऊन बसलो होतो," तो म्हणाला. "गाडीत, मागे. तू विचारलंच नाहीस कधी."

"कुठे ठेवलंत?"

त्याने सांगितलं. कुंपणाशी बाभळीसारखं काटेरी झाड आहे, म्हणाला, नाव माहीत नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हात माझा होता, पण कुणीतरी ठेवायला सांगितल्यासारखा ठेवला होता. तो बराच वेळ रडला. मी समोरच्या भिंतीवर उमटलेले मिठाचे डाग बघत होते. मग आम्ही घरी गेलो आणि झाकून ठेवलेलं जेवलो.

माणसं सगळी वाचली. तरुण होते ते लवकर शुद्धीवर आले, वॉचमनबाबांना आठवडाभर ठेवून घेतलं. त्यांना भेटायला मी पेज घेऊन गेले. ते उशीला टेकून बसले होते, डोळे आता नेहमीसारखे, तपकिरी. त्यांनी हात जोडले.

"कोण म्हणायच्या आपण?"

मी सांगितलं, तुम्हाला गाडीतून आणलं त्यातली मी.

"काही आठवत न्हाई बघा. वाडगा हातात घेतला, एवढंच आठवतंय. मी काही वावगं बोललो का बाई?"

"नाही. शेतातलं बोलत होतात."

"शेत कुठलं आता," ते म्हणाले आणि पेज प्यायले. धोत्र्याने असं होतं, त्या वेळचं माणसाला काहीच आठवत नाही. हे मी कॉलेजात मुलींना शिकवलंही होतं. तरी त्यांच्या पलंगाशेजारी बसल्यावर मला जरा एकटं वाटलं. कित्येक महिन्यांत काहीतरी वाटलं असं ते पहिलंच, म्हणून लक्षात राहिलं.

आचाऱ्याला कॅम्पात कुणी बोल लावला नाही. पण त्याने स्वतःहून पालेभाजीचं नाव टाकलं. सिस्टरकडून मला हे कळलं. एका शुक्रवारी मी नवऱ्याला म्हटलं, तुबलीला सोडा मला. आचारी तांदूळ निवडत बसला होता.

"चला नाल्यावर," मी म्हणाले.

"नको बाई. तिथे पाऊल टाकवत नाही."

"खुडायचं नाही. फक्त बघायचं."

नाल्याकाठचा धोत्रा कॅम्पवाल्यांनी उपटला होता, पण बिया जमिनीत होत्याच. बोटभर रोपं पुन्हा वर आली होती. मी त्याला माठाचं रोप आणि धोत्र्याचं रोप शेजारी शेजारी धरून दाखवलं. देठापाशी बघा. आता शिरा बघा. आता चुरगळा. त्याने धोत्र्याचं पान नाकाशी नेलं आणि झटकन दूर केलं.

"उंदरासारखा वास येतो हो!"

"येतो ना? आता ते हात धुवा आणि माठाचं चुरगळा."

त्याने चुरगळलं, हुंगलं, मग माझ्यापुढे धरलं. "आपल्याकडच्यासारखाच आहे," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

मी शिक्षिकेसारखी पुढच्या रोपाकडे वळले.

त्यानंतर तीन-चार वेळा गेले. सोबत मेथीचे दाणे नेले, भाजीच्या लाकडी खोक्यांत माती भरून त्यात पेरले. पुढे मनामातल्या एका रोपवाटिकेत मला काम मिळालं आणि ते मी ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत केलं. आम्ही परतलो तोवर मन कधी आणि कसं जागेवर आलं, ते मला सांगता येणार नाही. एका दिवसात तर नक्कीच आलं नाही.

नवऱ्याने सांगितलेल्या त्या जागी मी त्या हिवाळ्यानंतर वर्षभराने गेले. त्याने गाडी बाहेर थांबवली, मी एकटी आत गेले. कुंपणाशी झाड होतं. वाकून खालची शेंग हातात घेतली, पानांच्या जोड्या बघितल्या. बाभूळ नव्हती, विलायती किकर होती. परत येऊन त्याला नाव सांगितलं. त्याने ते एकदा मनाशी म्हणून बघितलं आणि गाडी सुरू केली.