शेडमध्ये पूजाच झाली नव्हती

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्यात आमच्या पोलीस ठाण्यात आलेली ती फिर्याद मी अजून विसरलेलो नाही. शस्त्रपूजेचे हार रायफलींवरून उतरलेही नव्हते. शहराचा सुका कचरा विकत घेणारा ठेकेदार आणि त्याचा मॅनेजर समोर बसले होते. पहाटे त्यांची शेड जळाली होती, आतलं गठ्ठे दाबायचं मशीनही गेलं होतं. आग कचरावेचक बायकांच्या पुढारीणबाईनं लावली, असं दोघांनी छातीठोक सांगितलं. फिर्यादीसोबत आरोपीही आयता मिळाला की मला हमखास संशय येतो.

त्या वर्षी परदेशात मंदी आली आणि इकडे रद्दी-प्लास्टिकचे भाव कोसळले. आयटीवाल्यांच्या सोसायट्या वाढत होत्या, कचरा वाढत होता, पण करारातल्या दरानं तो बायकांकडून घेणं ठेकेदाराला परवडेना. महापालिकेशी नव्यानं बोलणी चालू होती आणि दर पाडायला बायकांचा विरोध होता. शेड आणि मशीन नष्ट झालं तर मात्र करारातल्या एका कलमानं ठेकेदार त्यातून सुटणार होता.

बाईंना जबाबासाठी बोलावलं. पन्नाशीच्या, आवाज खणखणीत.

"साहेब, केस झाली तर माझं पालिकेचं ओळखपत्र जाईल. मग कचऱ्याला हात लावू देणार न्हाईत. माझंच न्हाई, समद्या बायांचं पोट हाय त्यावर."

"शेडवर शेवटचं कधी गेला होतात?"

"खंडेनवमीला. दरवर्षी मशीनची पूजा असती, आम्हाला पेढे देत्यात. यंदा कुलूप! पूजाच न्हाई झाली."

मी लिहिता लिहिता थांबलो. पुण्यात माणूस एकवेळ बायकोचा वाढदिवस विसरेल, पण खंडेनवमीला मशीनला हार घालायचं चुकवणार नाही.

संध्याकाळी आमच्या चहावाल्या खबऱ्यानं कानावर घातलं, "साहेब, दसऱ्याच्या आधी शेडमधून क्रेननं काहीतरी उचललं. ट्रक नगर रोडला लागला."

मॅनेजरला पुन्हा बोलावलं. आवाज न चढवता मी म्हणालो, "यंदा मशीनची पूजा केली नाहीत म्हणे. म्हणूनच जळालं, असं लोक बोलतात."

तो उसळला. "कोण म्हणतं? अहो, मी स्वतः नारळ फोडला!"

"कुठे? शेडला तर कुलूप होतं."

 मी चहा मागवला आणि त्यानं सगळं ओकलं. चांगलं मशीन वाघोलीच्या गोदामात हलवलं होतं, शेडमध्ये भंगारातलं ठेवून मालकाच्या सांगण्यावरून त्यानंच काडी लावली होती.

पंच घेऊन आम्ही वाघोली गाठली. गोदामाचं शटर वर गेलं आणि समोर मशीन उभं. कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार, पुढे फोडलेला नारळ. इतका बोलका मुद्देमाल मला नोकरीत पुन्हा मिळाला नाही! ठेकेदाराला मी स्वतः अटक केली.

महापालिकेनं त्याचा ठेका रद्द केला आणि नव्या करारात त्याच जागी शेड पुन्हा बांधून बायकांच्या संस्थेकडे दिली. तेव्हापासून चौकशीत मी एक गोष्ट पाळली. माणूस काय लपवतो यापेक्षा काय चुकवू शकत नाही, ते आधी विचारायचं.

पुढच्या खंडेनवमीला बाईंचं आमंत्रण आलं. नव्या मशीनसमोर त्यांनी एका फटक्यात नारळ फोडला, माझ्या हातावर पेढा ठेवला आणि साऱ्या बायकांदेखत म्हणाल्या, "साहेब, पूजा शेडमधीच झाली. घ्या लिहून!"