विहीणबाईंचे रिकामे मजूर

काराकोल शहराच्या बस आगारात झुरा गाड्या सोडणारी डिस्पॅचर होती, तेव्हा ड्रायव्हर लोक म्हणत, या बाईला पाठीलाही डोळे आहेत. तसं काही नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं, की माणूस कारणाशिवाय उभा राहत नाही. गाडी फाटकाबाहेर पडायची वेळ झाली आणि ड्रायव्हर बॉयलरच्या खोलीपाशी हात शेकत उभा आहे, म्हणजे तो हात शेकत नाही. तो कोणाची तरी वाट बघतो आहे, आणि त्या कोणाच्या तरी हातात पेट्रोलचा डबा असणार. बहुतेक वेळा तिचं खरं निघे. जेव्हा निघत नसे, तेव्हा माफी मागायची तिला सवय नव्हती.

तिचा नवरा ऐताली हाही आगारातलाच. त्यालाही तिनं असंच फाटकापाशी उभा असताना हटकलं होतं. तो तिचीच वाट बघत होता, हे तिला लग्न ठरेपर्यंत पुरतं पटलं नव्हतं. ऐताली गेला, आगाराच्या गाड्या खाजगी मालकांनी घेतल्या, झुराला पेन्शन लागली. मुलगी मीरीम सासरी गेली होती. आता झुराच्या नजरेखाली उभं राहायला कोणीच उरलं नव्हतं.

मीरीमचं सासर नदीपलीकडे, सफरचंदाच्या वाडीला लागून. तिचा नवरा कुबात हा घरातला धाकटा, आणि धाकट्यानं आईजवळ राहायचं ही रीत. म्हणून मीरीम सासूच्या, बात्मा बाईंच्या घरात राहत होती. बात्मा बाईंनी उभा जन्म शाळेत इतिहास शिकवला होता. त्या हळू बोलत, आणि बोलून झाल्यावर समोरचा चुकेपर्यंत गप्प बसत, असं झुराचं मत होतं.

दर रविवारी झुरा नातीला, सेझिमला, बघायला तिकडे जाई. दोन्ही विहिणी समोरासमोर बसत. हवेबद्दल बोलून झालं, गुडघ्यांबद्दल झालं, की साय लावलेले बोरसोक, म्हणजे तळलेले कणकेचे गोळे, चावण्याचा आवाज तेवढा खोलीत राही. कुबात वर डोंगरात सोन्याच्या खाणीवर जाई. एकदा पाळी संपवून तो घरी आला होता तेव्हा ही शांतता त्याला सोसली नाही, आणि त्यानं कॉम्प्युटरवर एक खेळ लावून दिला. त्यात प्रत्येकीचं एक राज्य. शहरं वसवायची, शेतं काढायची, रस्ते बांधायचे. एकीची खेळी पुरी झाली की दुसरीची. एक खेळत असताना दुसरीनं स्वयंपाकघरात जाऊन बसायचं, म्हणजे पडद्यावर नजर जायला नको.

कॉम्प्युटर होता दाराजवळच्या कोपऱ्यात. विहिणीला दाराजवळ बसवणं म्हणजे अपमान. बात्मा बाईंनी तो त्याच दिवशी दारासमोरच्या भिंतीकडे, मानाच्या जागी हलवून घेतला, आणि विजेची तार भरल्या खोलीतून गालिच्याखालून नेली. झुरानं मनात म्हटलं, एवढा मान कशासाठी बरं?

खेळात लढाईही होती. पण विहिणीवर सैन्य घालायचं हे दोघींच्या मनात आलं नव्हतं. निदान दोघी तसं म्हणत. लग्नात एकमेकींना अंगरखे चढवावेत तशी त्या एकमेकींच्या राज्यांना अधूनमधून सोन्याची भेट पाठवत, आणि मिळालेल्या भेटीपेक्षा परतीची भेट थोडी जड असेल याची काळजी घेत. लढाई नाही म्हटल्यावर उरले मजूर. फावडं खांद्यावर टाकलेली ती छोटी छोटी माणसं. एकेका कामाला त्यांना काही खेळ्या लागत, आणि काम संपलं की दुसऱ्या खेळीत पडद्यावर पाटी येई: या मजुराला काम नाही. खाली दोन बटणं. काम द्या, किंवा झोपू द्या.

इथे झुराचा हात धरणारं कोणी नव्हतं. ‘झोपू द्या’ हे बटण तिनं कधी दाबलंच नाही. तिचा मजूर शेत काढून होईतो पुढच्या शेताचा हुकूम तिच्या ओठांवर असे. काही नसेल तर ती त्याला जंगल तोडायला लावी, आणि तेही नसेल तर नुसतं चालायला लावी. कुबात हसून म्हणाला होता, “सासूबाई, त्यांना थोडं बसू द्या की. ते काही दमत नाहीत, पण मी दमलो बघून.”

“बसलेला मजूर विचार करतो,” झुरा म्हणाली. “आणि विचार करणारा मजूर पगार वाढवून मागतो.”

गेल्या हिवाळ्यात मीरीमला प्रसूतिगृहातून निरोप आला. लग्नाआधी ती तिथे नर्स होती. जागा रिकामी झाली होती. यायचं तर महिनाअखेरच्या आत कळवायचं, नाहीतर दुसरी बाई बघतील. मीरीमला जायचं होतं. ते तिनं आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज लहानपणी सर्कशीचं तिकीट मागायची तसा झाला होता. पण सेझिमला सांभाळायला हवं होतं, म्हणजे सासूची संमती हवी होती, आणि असल्या गोष्टीत सुनेनं स्वतः तोंड उघडायचं नसतं. शब्द टाकायचा तो माहेरच्यांनी. माहेरचं म्हणजे एकटी झुरा.

“या रविवारी विचारते,” झुरा म्हणाली.

त्या रविवारी तिला चहा काठोकाठ भरून मिळाला. आमच्याकडे पाहुण्याला चहा अर्धी वाटी देतात, म्हणजे तो पुन्हा मागेल, बसेल. काठोकाठ वाटी म्हणजे, प्या आणि निघा. बात्मा बाई त्या वेळी फोनवर बोलता बोलता ओतत होत्या हे झुरानं पाहिलं होतं. तरी तिनं विचारलं नाही.

पुढच्या रविवारी ती विचारणार होती, तेवढ्यात तिची खेळी आली आणि तिला ते तिघे दिसले.

सरहद्दीवर, तिच्या नदीकाठच्या शहरासमोर, बात्मा बाईंचे तीन निळे मजूर उभे होते. शेत काढत नव्हते, रस्ता करत नव्हते. नुसते उभे. झुरानं खेळी संपवली, आणि नोकरीचं विचारायचं तसंच राहिलं. घरी जाऊन रात्रभर कूस बदलत राहिली. तीन मजूर. एक असता तर म्हणता आलं असतं, विसरल्या असतील. पण ज्या बाईला तैमूरच्या नातवंडांची नावं तारखांसकट पाठ, ती तीन माणसं विसरते?

त्यानंतरच्या रविवारीही ते तिथेच.

“विहीणबाई,” झुरानं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, “तुमच्याकडे काम कमी झालंय वाटतं.”

“काम कधी कमी होतं का?” बात्मा बाई म्हणाल्या. “करून घेणारं लागतं.” आणि पुढे गप्प बसल्या.

करून घेणारं लागतं. झुरा हे वाक्य घेऊन घरी गेली. म्हणजे मीरीमकडून काम करून घ्यायला मी समर्थ आहे, असं? की तुमच्या मुलीला काम सांगावं लागतं, असं? आणि ते मजूर तर उघडच आहे, रस्त्यासाठी. सरहद्द ओलांडायची वेळ आली की एका खेळीत रस्ता, आणि रस्त्यावरून मागून सैन्य. जी बाई खेळात अशी, ती घरात कशी असेल? तिच्याकडे पोरीसाठी पदर पसरायचा?

महिन्याचा शेवटचा रविवार आला. झुरा घरून ठरवून निघाली होती, आज विचारायचंच. बाजारातून तिनं आशल्यान-फू, म्हणजे आंबट रश्शातल्या थंड शेवया, घेतलं, बात्मा बाईंना तिखट आवडतं म्हणून लाल मिरचीची फोडणी जास्त घालून घेतली. जेवणं झाली. झुराची खेळी आधी होती. बात्मा बाई आणि मीरीम भांडी घेऊन स्वयंपाकघरात गेल्या.

निळे मजूर तिथेच होते. झुरानं आपला घोडेस्वार त्यांच्या शेजारी आणून उभा केला. नुसता, असू दे म्हणून. आगारात संशय आला की ती ड्रायव्हरची किल्ली काढून टेबलाच्या खणात ठेवी. कामावरून काढलं नाही, तक्रार केली नाही. किल्ली फक्त खणात. मग तो आपणहून बोलायला लागे.

स्वयंपाकघरातून हलकं हसू ऐकू आलं. मीरीमचं. मग बात्मा बाईंचा आवाज, खाली उतरलेला: “आईला सांगू नकोस.” झुरा खाकरली. आत एकदम शांतता झाली.

तिनं घोडेस्वाराला त्या तिघांच्या अंगावर घातलं. पाटी आली: हे युद्ध समजलं जाईल. पुढे जायचं? झुरानं पाटी नीट वाचली, चष्मा वर करून पुन्हा वाचली, आणि ‘होय’ दाबलं. निळे मजूर तिच्यादेखत लाल, म्हणजे तिचे, झाले.

“झालं माझं,” तिनं हाक मारली.

बात्मा बाई हात पुसत बाहेर आल्या, झुरा आत गेली. मीरीम गॅसजवळ उभी होती. सेझिम तिच्या पायाला मिठी मारून चमचा चाटत होती.

“काय सांगायचं नाही आईला?” झुरानं विचारलं.

मीरीमनं दाराकडे पाहिलं. “ऐकलंस?”

“मला कान आहेत.”

“मी मागच्या आठवड्यातच त्यांना विचारलं. राहवेना म्हणून. त्या हो म्हणाल्या.” मीरीम अगदी हळू बोलत होती. “पण म्हणाल्या, आईला सांगू नकोस, ती विचारायला येतेय, तिला विचारू दे. विहिणीनं विचारावं, मग आपण हो म्हणावं, त्यात शोभा असते. तू दर रविवारी येतेस, चहा पितेस आणि जातेस. आई, उद्या महिना संपतोय.”

झुरा स्टुलावर बसली. मग उठली.

“मी तुझ्या सासूवर युद्ध पुकारलंय,” ती म्हणाली.

“काय?”

“खेळात. आत्ता. तिचे तीन मजूर धरले.”

“ते तिघे? अगं, सरहद्दीवरचे?”

“तुला माहीत होते?”

“मलाच नव्हे, कुबातलासुद्धा. फोनवर सांगत होत्या त्याला.” मीरीमनं कपाळावर हात मारला. “माझी नोकरी गेली, आई. तीन मजुरांत गेली.”

एकीची खेळी चालू असताना दुसरीनं खोलीत पाऊल टाकायचं नाही, हा नियम दोघींनी कधी मोडला नव्हता. झुरानं तो मोडला. बात्मा बाई मानाच्या जागी पाठ ताठ करून बसल्या होत्या. पडद्यावर मोठ्या अक्षरांत होतं: झुराने तुमच्याविरुद्ध युद्ध पुकारले आहे. त्यांनी वळून पाहिलं नाही.

“विहीणबाई,” झुरा म्हणाली. “मला एक विचारायचं होतं. मीरीमच्या नोकरीचं.”

“तीन नेलीत,” बात्मा बाई म्हणाल्या, “आता चौथीही न्यायची?”

मीरीम दारात येऊन उभी राहिली. सेझिम तिच्या कडेवर होती.

“ती माणसं तिथे का उभी होती?” झुरानं शेवटी विचारलं. “एवढं सांगा. पंधरवडा झाला, काम नाही, धंदा नाही.”

“तुमचा रस्ता नदीपाशी तुटलाय. दोन्ही बाजूंनी बांधत आणलात आणि मधला तुकडा राहिला. तुम्ही मजूर सगळीकडे पळवता, ते तिथे पोचतच नाहीत. कोणी घर बांधायला काढलं की आम्ही अशरला जात नाही का? सगळा मोहल्ला फावडी घेऊन जातो, पैशाची बात नाही, घरधन्यानं जेवायला घालायचं. तशी पाठवली. पण तुमच्या हद्दीत तुम्ही दार उघडल्याशिवाय पाय टाकता येत नाही. मग राहिली उभी.”

“मग बोलला का नाहीत?”

बात्मा बाई आता वळल्या. “विहिणीला तोंडावर सांगू, की तुमचं काम अर्धं राहिलंय? मला वाटलं, बघतील, समजतील, बोलावतील. आणि रस्ता झाला असता तर माझाही माल गेला असता त्यावरून. खोटं कशाला सांगू.”

हे शेवटचं वाक्य बोलल्या नसत्या, तर झुराचा विश्वास बसला नसता. आता अर्धा बसला.

“मला वाटलं, सैन्य आणणार,” ती म्हणाली.

“मला वाटलं, तुम्ही दर रविवारी येता त्या मीरीमला घेऊन जायला. नोकरी म्हणायचं, आणि मग हळूहळू पोरगी माहेरी. विचारत नव्हता तोवर मी तेच धरून चालले होते.”

सेझिमनं चमचा खाली टाकला, मीरीमनं तो उचलायला वाकून तोंड लपवलं. ती हसत होती की रडत, झुराला कळलं नाही.

“अपराध झाला की घोडा आणि अंगरखा द्यायचा, अशी रीत आहे,” बात्मा बाई म्हणाल्या. “मला घोडा नको, बांधायला जागा नाही. पोरीला जाऊ दे कामावर. पण मी एकटी सेझिममागे धावणार नाही, माझे गुडघे बघा. अर्धा आठवडा तुम्ही सांभाळायची. आणि नात रोज संध्याकाळी या घरात परत आली पाहिजे.”

“रोज?”

“रोज.”

झुरानं घासाघीस केली नाही. आगारातला कोणी पाहत असता तर त्याला ते खरं वाटलं नसतं. बात्मा बाईंनी तहाचा निरोप पाठवला. झुरानं खेळी घेऊन तो स्वीकारला, आणि मजूर परत करायची काही सोय त्या खेळात सापडेना, तेव्हा तिघांनाही नदीकडे धाडलं. बात्मा बाई मागे उभ्या राहून बघत होत्या. त्यांना कोणी स्वयंपाकघरात जायला सांगितलं नाही.

“डावीकडून न्या,” त्या म्हणाल्या. “उजवीकडे दलदल आहे.”

“मला दिसतेय दलदल, विहीणबाई.”

मीरीम कामावर रुजू झाली त्या सकाळी थंडी कडाक्याची होती. झुरा नातीला न्यायला फाटकाशी आली, तर बात्मा बाईंनी एक फुगलेली पिशवी हातात दिली. कपड्यांचे जोड, लोकरी मोजे, मुरंब्याची बरणी, वर गाठोड्यात बोरसोक. झुरानं पिशवी तोलून पाहिली. माझ्या घरात पोर उपाशी राहील असं वाटतं का हिला?

“जड झाली का?” बात्मा बाईंनी विचारलं.

“नाही. बरं झालं दिलंत.”

तिनं सेझिमचं टोपरं कानांवर ओढलं, हात धरला आणि पुलाच्या रस्त्याला लागली. पाठीमागे फाटक लागल्याचा आवाज आला नाही. बात्मा बाई उभ्या होत्या, पोरीचा हात कसा धरलाय ते बघत होत्या, हे झुराला मान न वळवता कळलं. तिनं सेझिमला उचलून कडेवर घेतलं आणि पूल ओलांडेपर्यंत खाली ठेवलं नाही.